दुमडलेला कोपरा

मी घोंगडी बोलतेय. येडगावच्या ज्योतिबाच्या घरची. काळ्या मेंढरांची लोकर, जुन्नरच्या विणकराचा माग, वरून चिंचोक्याची खळ, असा माझा जन्म. साल चौऱ्याण्णव असंल.

माझं सूत कातलं कुणी, ते मात्र या घरात बोलायचं नव्हतं. कातणं बायांचं काम. आणि मला कातलं ज्योतिबाच्या थोरल्या लेकानं, दत्तानं. त्याचा आवाज बारीक, चालणं हळुवार. आईशेजारी सूत कातायची चाती फिरवत बसला की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. ज्योतिबा लोकांना सांगायचा, "आमच्या सुंदरानं कातलीया." सुंदरा, त्याची बायको, खाली बघायची.

भावकीतला गेणभाऊ बैठकीला आला की दत्ताला बसायला जागा उरू नये म्हणून आधी माझा एक कोपरा दुमडायचा. "दत्ताबाई, हितं गडी बसत्यात. तू चुलीपाशी जा." सगळे हसायचे. ज्योतिबाही हसायचा. पण त्याची मूठ माझ्यावर टेकलेली असायची, ती आवळलेली मला कळायची.

अशी तीन वर्षं गेली. मग दत्ताच्या बहिणीला, निर्मलाला बघायला पेठ गावचे पाहुणे आले. मला झटकून पडवीत अंथरलं. मुलाचे वडील सोपानराव मला चाचपून म्हणाले, "लई एकसारखं सूत हाय. कुणी कातलं, पावणं?"

ज्योतिबानं पानाचा डबा पुढं सरकवला.

तेवढ्यात दत्ता चहा घेऊन आला. ट्रे ठेवून बसायला वाकला, तर गेणभाऊनं कोपरा दुमडून पायाखाली दाबला. "निर्मलाचं जमंल रं. तुला कुठला नवरा बघायचा, दत्ताबाई?"

एकदोघं फिसकन हसले. दत्तानं माझा काठ घट्ट धरला. तो गेला नाही.

"गेणभाऊ, पाय काढा. मला बसायचंय."

"आन् न्हाई काढला तर?"

दारामागं निर्मलाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. सोयरीक आता मोडतीय, असंच मला वाटलं.

ज्योतिबा उठला. "पाय काढ, गेणू. पावणं, ह्यो माझा थोरला. ही घोंगडी त्यानं कातलीया. तीन वरसं म्या खोटं बोललो. याच्या शेजारी ज्याला बसवत नसंल, त्यानं उठावं." मग त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. "पोरीचं नुसकान व्हईल, पर..."

आतून निर्मला म्हणाली, "मोडली तर मोडू द्या, आबा."

सोपानरावांनी दत्ताकडं बघितलं. मग बशी उचलून जरा सरकले. "बस की, बाबा. च्या निवतोय."

गेणभाऊ चपला घालून गेला. ज्योतिबानं वाकून कोपरा उलगडला, तळव्यानं दाबला.

आता मी विरलेय. निर्मला पेठहून येते तेव्हा तिची धाकटी माझ्यावर निजते आणि मामा शेजारी चाती फिरवत बसतो. कोपऱ्यावरची घडी काही मोडली नाही. गेणभाऊही कधी येतो, काठाला बसतो. त्याला कुणी उठवत नाही.

मला अंथराल तेव्हा एवढंच करा. चारी कोपरे उघडा.