जोडून म्हणायचं नाव

जळकोटच्या हरणाबाईनं लग्न झाल्यापासून लिंबाला कधी लिंबू म्हटलं नव्हतं. नवऱ्याचं नाव लिंबाजी. तेव्हा लिंबू म्हणजे ‘आंबट’, दारातला लिंब म्हणजे ‘कडू झाड’ आणि नवरा म्हणजे ‘आमचं माणूस’. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळीच तिला ताप भरला होता, म्हणून तेही राहिलं ते राहिलंच. एकदा बाजारात तिनं पावशेर आंबट मागितलं, तर भाजीवाल्यानं चिंच बांधून दिली. ती तिनं मुकाट्यानं घरी आणून तिचं सार केलं, पण भाजीवाल्याला दुरुस्त काही केलं नाही.

असं साठ वर्षं सुखात चाललं होतं. अडलं ते गेल्या विधानसभेला. मतदान कार्डावरच्या तिच्या फोटोत पदर तेवढा दिसायचा आणि नाकाचा शेंडा. यादीत हरणाबाई दोन, आडनावही एकच. केंद्रावरच्या साहेबानं सरळ विचारलं, “आजी, मिस्टरांचं नाव काय?” हरणाबाईनं मान खाली घातली. पोलिंग एजंट गावातलेच, ते सांगायला लागले तर साहेब म्हणाला, “त्यांनाच सांगू द्या.” एजंट गालातल्या गालात हसले, तशी ती ताडकन फिरली आणि मत न देताच घरी आली. शेजारची शांताक्का मग महिनाभर शाईचं बोट ताठ ठेवून तिच्यासमोर चहा पीत होती.

यंदा मत द्यायचंच, असं हरणाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. नातसून समृद्धी लेकरू कडेवर घेऊन तयारीला लागली. चपलांच्या खोक्यावर तिनं चित्रं काढली आणि बटणांच्या जागी निळ्या टिकल्या चिकटवल्या. “चित्रावर नाही दाबायचं आजी, टिकलीवर दाबायचं. मशीन टूं करंल, तवर थांबायचं.” ते हरणाबाईला एका दमात जमलं. नाव जमेना.

मग समृद्धीनं तिच्या हातावर लिंबू ठेवलं. “हे काय?”

“आंबट.”

“आजी.”

“पिवळं.”

“तुम्हाला मत द्यायचंय का नाही?”

हरणाबाईनं दाराकडं बघून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “लिंबू.” लगेच मोरीत जाऊन चूळ भरून आली.

“आता ‘जी’ म्हणा.”

“जी तर म्या कलेक्टरला बी म्हणीन.”

“आता दोन्ही जोडून.”

“न्हाय. जोडून तिकडंच. इथं उगं कशाला वाया घालवू?”

ओसरीवर बसलेल्या लिंबाजींना याचा सुगावा कसा लागला कोण जाणे. एरवी त्यांना कानाशी जाऊन ‘जेवा’ म्हटलं तरी ऐकू येत नसे. मतदानाच्या सकाळी ते दाढी करून, ठेवणीतलं धोतर नेसून हरणाबाईच्या आधी तयार. “म्या तुझ्या डाव्या अंगाला चालतो,” ते म्हणाले, “माझा उजवा कान जरा बरा हाय.”

शाळेतल्या केंद्रावर म्हाताऱ्यांना रांग नव्हती. दोघांना एकदमच आत सोडलं. समृद्धी लेकराला घेऊन दारातच थांबली. लिंबाजींनी कानामागं हात धरला. साहेब नवा होता, पण कार्डावरचा फोटो तोच, जुना. त्यानं एकदा नाकाच्या शेंड्याकडं बघितलं, एकदा हरणाबाईकडं बघितलं.

“आजी, यादीत हरणाबाई दोन आहेत. मिस्टरांचं नाव सांगा.”

हरणाबाईनं डोळे मिटले. “लिंबू,” ती म्हणाली.

साहेबानं पेन खाली ठेवलं. “लिंबू?”

“थांबा की जरा, संपलं न्हाय अजून.” तिनं टेबलाची कड धरली. “जी.”

साहेब यादीवरून बोट फिरवायला लागला. “लिंबूजी नावाचं कुणी नाही हो आजी. तुमचं केंद्र दुसरं असेल.”

आता हरणाबाईचं डोकं फिरलं. एवढी चूळ भरून, एवढी तयारी करून आलेलं माणूस, आणि हा म्हणतोय दुसरं केंद्र. “लिंबूजी कुठलं? लिंबाजी. लिंबाजी म्हंतेत त्यांला. हे काय, हितंच हुबे हायती की.”

नेमकं त्याच वेळी आडोशामागं कुणीतरी बटण दाबलं आणि मशीन टूंऽऽऽ करून लांबलचक ओरडलं. आवाज थांबला तोवर साहेबानं यादीत खूण केली होती आणि हरणाबाई शाईसाठी बोट पुढं करून मोकळी झाली होती.

तिनं मत दिलं. तिच्या बटणालाही मशीन ओरडलं. मागोमाग लिंबाजींचंही झालं. सगळी घराच्या वाटेला लागली.

“घेतलंस का?” लिंबाजींनी विचारलं.

“घेतलं की. दोनदा.”

“त्या मशीननं बोंब मारली गं. म्या ऐकलंच न्हाय.”

“मग म्या काय करू?”

“आता म्हण की. हितं कोण हाय?”

“समृद्धी हाय.” समृद्धी लेकराचं टोपडं नीट करत चार पावलं मागं राहिली. हरणाबाईनं पदर सारखा केला. “आता पाच वर्सांनी.”

“तवर म्या ऱ्हातोय का?”

“ऱ्हावं लागंल की. न्हायतर म्या नाव कुणाचं घेऊ?”

लिंबाजींनी थोडा विचार केला. “मधी झेडपी हाय,” ते म्हणाले.

“झेडपीला साहेबानं इचारलं तर बघू,” हरणाबाई म्हणाली आणि शाईचं बोट ताठ धरून शांताक्काच्या दाराकडं वळली.