तीर्थात बुडवलेलं बोट

आमोण्याला देवळाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. "मंतरलेलं मणगणें खा! साखर वाढली तर माझी दाढी उपटा!" गोडबुवा ओरडत होता. मधुमेहाची माणसं गूळ आणि नारळाच्या रसातली ती डाळीची खीर वाटीवर वाटी ओरपत होती. मग बुवा एकेकाचं बोट तीर्थात बुडवायचा, "पुसू नका, पुण्य जाईल!" म्हणत सुई टोचायचा आणि साखर मोजायचं मशीन दाखवायचा. "एकशे आठ!"

"पावलो रे देव!" माणसं हात जोडायची.

त्यात माझी कमलतायसुद्धा. बुवाच्या शब्दावर तिने इन्सुलिन सोडलेलं. पायाची जखम काळी पडत चाललेली.

"ताय, पाय कापतील गो!"

"गप रे बाबली! मशीन खोटं बोलतं?"

डोकं सणकलं माझं. खोड्या मीही जन्मभर काढल्या, पण कुणाचा पाय जाईल अशी नाही. बुवाने पुढच्या बाईचं बोट टोचलं तेव्हा थेंब नीट बघितला. रक्त कसलं, कोकमाचं सरबत! ओल्या बोटावर रक्त पातळ होतं आणि साखरेचा आकडा खाली येतो. एवढाच याचा मंत्र.

बुवा जेवायला उठला. मी औषधाच्या दुकानातून ग्लुकोजची पावडर आणली आणि गुपचूप तीर्थाच्या तांब्यात ओतली.

जेवून आल्यावर पहिलंच बोट, पाचशे पार! दुसऱ्याला तर मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मोजण्यापलीकडे. बुवाला घाम फुटला. "कुणीतरी विटाळ केला!"

"मग तुमचंच बोट द्या महाराज!" मी त्याचा हात धरून तांब्यात बुडवला आणि टोचलं. हाय!

"अरेरे, बुवा आता जातात वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला.

"पाण्यात ग्लुकोज मी घातलं," मी ओरडलो. "आकडा तुमच्या रक्ताचा नव्हताच, पाण्याचा होता!"

तायचे हात साबणाने धुतले, कोरडे पुसले, टोचलं. चारशे बारा. कुणी हसलं नाही.

"म्हणजे गोड कायमचं सुटलं?" ताय रडायला लागली.

"कोण म्हणतो? जेवणावर मणगण्याचे चार चमचे खा, त्या दिवशी भात कमी घे. पण डॉक्टरला विचारून, आणि इन्सुलिन सोडायचं नाही!"

"आधी पाय दाखवूया चल," ती उठली.

आम्ही निघालो तेव्हा नळावर रांग लागली होती. माणसं हात धुऊन बोटं खसाखसा पुसत होती. बुवा चपला शोधत होता. तुमच्या गावात असला कुणी आला तर मंत्र ऐकत बसू नका. आधी बोट पुसा, मग मोजा.