सरांनी जोडलेलं मशीन

जाई, तू आधी गप बस आन नुसतं ऐक. मधी बोलू नको. तर मी दीक्षाच्या दुकानात बसलेले, आन ती कॉम्प्युटरवर एका बॅनरला छत्तिसावं तोंड चिकटवत व्हती. लोहाऱ्यात कुणाचाबी वाढदिवस असू दे, शुभेच्छुक चाळीसच्या खाली न्हाईत. समद्यांना गॉगल, आन ही बिचारी एकेकाला गोरं करत बसलेली. छत्तिसावा गोरा झाला, सदतिसावा घ्यायला गेली, आन खट्! पडदा काळा. कॉम्प्युटर बंद.

नवा कोरा, बरं का. दोन महिनंबी झालं न्हाईत.

"गेला का परत?" मी म्हटलं.

"नवव्यांदा," दीक्षा म्हणली. चिडली न्हाय, काय न्हाय. वही ओढली आन लिहिलं : अकरा चाळीस, बॅनर, लाईट बरी.

अगं, दर खेपेचं लिहून ठेवलेलं! कधी बंद पडला, तवा काय चालू व्हतं, समदं. मी असते तर एक लाथ घातली असती.

बॅनर करून घ्यायला आलेला उत्कर्ष समोरच बसलेला. तो म्हणला, "त्या कल्याणप्पाला आता जमत न्हाय. जुना माल घातला असंल म्हाताऱ्यानं. ग्रुपवर टाक ना, तालुक्याला कळू दे."

"व्हय, टाकच," मीबी म्हटलं.

कल्याणप्पा सर उमरग्याचे. तीस वर्षं झाली, कॉम्प्युटर जोडतेत. दीक्षा त्यांच्याच क्लासात शिकली, आन दुकान टाकलं तवा मशीनबी त्यांनीच जोडून दिलं.

"कारण कळल्याबिगर सरांचं नाव घ्यायचं न्हाय," दीक्षा म्हणली. "हायस्कूलच्या वीस मशीनचं काम आलंय त्यांच्याकडं. असला एक मेसेज फिरला की ते गेलंच."

"आन माझा बॅनर?"

"तुझे छत्तीस गोरे हायत अजून, काळजी करू नको."

मग चार दिवस, जाई, ती त्या मशीनच्या मागंच. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत न्हाय, म्हणली. आधी मशीन उचलून आमच्या घरी आणलं, आमच्या प्लगला लावलं. तिथंबी बंद. म्हंजे दुकानाच्या लाईटचा दोष न्हाय. मग आतल्या दोन रॅमपैकी एक काढून बघितली, मग दुसरी. बंद. विंडोज नवं टाकलं. बंद. शेवटी मशीन किती तापतं ते दावणारा प्रोग्राम लावला. साधा अर्ज टाईप केला तर पन्नास डिग्री. बॅनर उघडला, सत्तर. पंच्याऐंशी. अठ्ठ्याण्णव. खट्!

"ताप हाय," ती म्हणली. आन हसली, चार दिवसांत पैल्यांदा.

पण पंखा तर फिरत व्हता. मग तिनं प्रोसेसरवरचा कूलर खोलला. पंख्याखाली ती पत्र्याची लादी असती ना, जी आतली उष्णता ओढून घेती, ती. उलटी केली. तर तिच्या बुडाला प्लास्टिकचं पातळ साल, काचंसारखं आरपार. कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, बसवायच्या आधी हे काढा. ते तसंच राहिलेलं. ताप वर जाणार कुठून!

मी खो खो हसले. कारण क्लासात पैल्याच दिवशी सरच सांगायचे म्हणं, "काय रे, केळं सालासकट खाता का?"

दीक्षा हसली न्हाय. ते साल नखानं काढलं, उजेडात धरून बघितलं आन खिशात ठेवलं.

"सर विसरायचे न्हाईत, श्रिया. त्यांना दिसलं नसंल."

साल काढल्यावर मशीन दिवसभर चाललं. चाळीसच्या चाळीस गोरे झाले.

दुसऱ्या दिवशी, मशीन बंद पडत व्हतं, येऊन सांगते, असा सरांना फोन करून आमी दोघी जीपनं उमरग्याला. दुकानात हायस्कूलची बारा मशीनं जोडून तयार, आठ अजून पेट्यांत. आन हायस्कूलचे क्लार्क तिथंच चहा पीत बसलेले!

"ये अव्वा," सर म्हणले, क्लासातल्या पोरींना ते अव्वाच म्हणतेत. "काय निघालं गं तुझ्या मशीनचं?"

क्लार्कनं कप खाली ठेवला.

"वायर ढिली व्हती, सर," दीक्षा म्हणली. "माझाच पाय लागला असंल."

क्लार्क चहा संपवून गेले. मग ही म्हणली, "सर, माझं फिटिंग अजून कच्चं हाय. ह्या बारा मशीनचे कूलर खोलून परत बसवू का? तेवढाच हात बसंल."

सर तिच्याकडं बघत राहिले. मग पेचकस पुढं केला.

ती सरांकडं पाठ करून बसली. एकेक कूलर खोलायचा, उलटा करायचा, पुसायचा, ताप ओढायची नवी पेस्ट लावून बसवायचा. मधीच तिचा हात खिशात जायचा. मी मोजलं, तीनदा गेला. सर गल्ल्यावर एकच कीबोर्ड पुसत बसलेले. तेच तेच पुसत.

बारावं झाकण लागलं. सर मान वर न करताच म्हणले,

"किती सालं निघाली, अव्वा?"

दीक्षाचा हात तिथंच थांबला.

"तीन."

"तुझं धरून?"

"...चार, सर."

मग सर उठले. त्या आठ पेट्या एकेक करून तिच्यापुढं सरकवल्या, आन शेजारी स्टूल ओढून बसले.

"मी सांगतो," म्हणले. "तू बघ."

संध्याकाळपर्यंत आठीच्या आठी मशीनं जोडली दोघांनी. काय वाद घालत व्हते गं स्क्रूवरून! परत येताना मी तिला म्हटलं, वायर ढिली व्हती म्हणून खोटं कशाला सांगितलंस? पैल्याच मिनिटाला खरं सांगून मोकळी झाली असतीस. तर ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

आता तू सांग, जाई. समोर क्लार्क बसलेला, सर तोंडावर विचारतेत, आन तुझ्या खिशात ते साल हाय. तू काय म्हणली असतीस?