लोलक नसलेली घंटा

भोंगाकाकांचा आवाज धक्क्याच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला पोचायचा, म्हणून ते नाव. त्यांची स्वतःची मासेमारीची होडी होती, गावभर ओळख होती आणि एक भूत होतं. भूत तसं सगळ्या किनाऱ्याचं, पण काकांनी ते जवळजवळ दत्तकच घेतलेलं.

समोर पाण्याखाली खडकांची लांबच लांब रांग आहे. तिच्यावर कैक जहाजं फुटली. त्यातल्या सर्वांत मोठ्या जहाजाचा कप्तान बुडेपर्यंत घंटा वाजवत राहिला आणि अजूनही धुकं पडायच्या आधी वाजवतो. ती ऐकूनही जो होडी सोडतो, तो परत येत नाही. काका हे सांगायला लागले की ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा.

काकांचा मुलगा दूरच्या जहाजावर इंजिनं सांभाळायचा. सून बंदराच्या कार्यालयात होती. बुडालेल्या जहाजांची पाहणी करायला ती पाण्याखाली उतरायची. "आमची सून पाण्याखाली नोकरीला आहे," असं काका कौतुकानं सांगत.

एका दुपारी ती ओल्या केसांनीच जेवायला बसली.

"बाबा, आज तुमच्या कप्तानाकडे जाऊन आले."

"काय म्हणाला?"

"घरी नव्हता. पण घंटा सापडली. आत गच्च चिखल, बाहेर शिंपले. आणि लोलकच नाही. कधीचा गळून पडलाय."

काकांचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे वाजायची सोयच नाही."

"भुताला कशाला हवा लोलक? तुला श्वासाला नळी लागते म्हणून काय सगळ्यांना लागते?" काका उसळले. "गेल्याच महिन्यात दोनदा ऐकली मी. दोन्ही दिवस होडी सोडली नाही. विचार तुझ्या सासूला!"

सासूबाई भाजी वाढत होत्या. त्यांची पळी पातेल्यातच थांबली. "गेल्या महिन्यात? ऐकू आली तुम्हाला?"

"अगदी स्वच्छ."

सासूबाईंनी काकांच्या ताटात दुसऱ्यांदा मीठ वाढलं. असं विसरणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता.

संध्याकाळपर्यंत बातमी धक्काभर झाली. "काका, लोलक गवसला का?" जो तो विचारू लागला. चार दिवसांत भोंग्याचा आवाज निम्म्यावर आला.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं. फळीवरचा पितळी खल काढला, त्याच्या काठाखाली दोरी आवळली, तो अधांतरी धरला आणि म्हणाल्या, "मार बत्ता."

सुनेनं मारला. खण्णकन आवाज झाला आणि बराच वेळ घुमत राहिला.

"आई! तुम्ही?"

"मग काय करू? लग्न होऊन आले तेव्हा हे धुक्यातसुद्धा निघायचे. रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. हे आपले हसत जायचे. मग एका सकाळी धक्क्यापलीकडच्या दगडी बांधाच्या टोकाला गेले आणि दगडांआड बसून हा वाजवला. निम्मा धक्का घराकडे पळाला, हे सगळ्यांच्या पुढे! बायकोचं जन्मात ऐकलं नाही, मेलेल्या कप्तानाचं मात्र एका हाकेत."

सून पोट धरून हसत होती. सासूबाई मात्र हसत नव्हत्या.

"अगं, हसतेस काय! गुडघे गेल्यापासून तीन वर्षं मी त्या दगडांवर पाऊल ठेवलेलं नाही. मग ह्यांना ऐकवतंय कोण? खराच कप्तान आला की काय माझं काम करायला?"

सुनेचं हसू थांबलं. ती तशीच धक्क्यावर गेली. काका होडीत बसून जाळं सांधत होते. सुई एकाच भोकात तीनदा हुकली, मग त्यांनी बोटांनी चाचपून ती आत घातली.

ती शेजारी बसली. "बाबा, गेल्या महिन्यात घंटा वाजलीच नव्हती ना?"

"हळू बोल," भोंगाकाका म्हणाले. त्यांनी जाळं खाली ठेवलं. "धुकं नसलं तरी मला धुकंच दिसतं गं. धक्क्याला लागताना एका खांबाचे दोन होतात. एकदा तर खोट्याला दोरी टाकली."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू, भोंगाकाकाला दिसत नाही? त्यापेक्षा भुताला भ्यालो म्हणणं बरं. भुताला सगळेच भितात."

सुनेनं हात धरून त्यांना घरी आणलं. आधी त्यांनी कबूल केलं, मग सासूबाईंनी खल पुढे ठेवला. काका त्या खलाकडे बघतच राहिले.

"इतकी वर्षं फसवलंस मला!"

"इतकी वर्षं जिवंत ठेवलं. आणि तुम्ही? चार दिवस मी कप्तानाच्या धाकानं मागचं दार उघडलेलं नाही!"

दुसऱ्याच दिवशी दोघींनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. निघाला मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला. आधी उजवा डोळा करायचा ठरलं. शस्त्रक्रियेला जाताना काका एवढे मुकाट होते की परिचारिकेनं सुनेला विचारलं, "ह्यांना बोलता येतं ना?"

पट्टी निघाली तेव्हा सासूबाई समोरच उभ्या होत्या. काकांनी डोळा किलकिला केला, चोळायला गेलेला हात डॉक्टरांनी धरला, आणि मग ते बायकोकडे नीट पाहू लागले.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्ही चाचपडत होतात तेव्हा."

काका आणखी जवळ सरकले. "पण बरी दिसतेस," ते म्हणाले, आणि तेही त्या जुन्या आवाजात. बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट आत डोकावले.

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "दुसरा डोळा कधी करताय?"