कापड मी उचललेलं नाही

मी पांढऱ्या पोटाचा शिकरा बोलतोय. तुमच्याकडच्या शिकऱ्याचा भाऊबंद म्हणा हवं तर, पण मी सापडतो फक्त न्यू कॅलेडोनियाच्या या बेटावर. डोंगरातल्या कौरीच्या झाडावर माझं बिऱ्हाड आहे. आणि हो, खालच्या वस्तीतल्या डुईच्या कोंबडीची पिल्लं मीच नेतो. लपवायचं कशाला? घरट्यात पोरं आ वासून बसलेली असतात.

परवा गुहा खोदणारे पाहुणे आले. त्यांनी डुईच्या अंगणात चटईवर पायाचं एक जुनं हाड ठेवलं. याच बेटावरच्या मोठ्या शिकऱ्याचं. इथे माणसं आली आणि पुढे कधीतरी त्याची जातच संपली. हाड माझ्या पायापेक्षा कितीतरी लांब आणि दणकट होतं. वरून बघताना मी माझा पाय पिसांत ओढून घेतला.

"बाप रे, हा तर अख्खा कोंबडाच उचलत असेल!" डुई हसला. "आणि आपला हा वरचा? चिल्लर चोर! मोठा गेला, तसा हाही जाऊ दे. उद्या बंदूकच काढतो."

चिल्लर म्हणे! एवढा दांडगा होता, त्याचं तरी काय झालं?

डुईची थोरली बहीण कापो हाड हातात घेऊन बसली होती. "एवढा मोठा पक्षी," ती म्हणाली, "आणि आपल्या भाषेत त्याचं नावसुद्धा उरलं नाही रे."

सकाळी ती डुईच्या दारात आली आणि तिनं फुलाफुलांचं कापड जमिनीवर ठेवलं. इथली रीतच आहे. आलेल्यानं कापड ठेवून म्हणणं मांडायचं, समोरच्यानं ते उचललं की शब्द मान्य. कोनफळाच्या सणाचे दिवस होते. डुईला वाटलं, आमंत्रण आहे. बंदूक पुसता पुसता त्यानं कापड उचललंसुद्धा.

"येतो की गं ताई, सांगायला कशाला हवं!"

"आधी ऐकून घ्यायचं असतं, उतावळ्या. त्या शिकऱ्यावर बंदूक धरायची नाही, हे सांगायला आले होते."

"छे! हे घे तुझं कापड परत."

"उचललेलं कापड परत? जा, मामांना सांगून ये तसं."

इथे आईच्या भावाचा मान सगळ्यांत मोठा; मामांचं नाव निघताच डुईनं कापडाची घडी करून काखेत मारली. बंदूक आत गेली.

वस्तीत म्हणतात, कापोनं बिचाऱ्याला वाचवलं. बिचारा कोण? तिचे उपकार मी मानतो. पण त्या हाडाशेजारी माझं हाड मांडायची घाई कुणी करू नका. माझं नाव अजून तुमच्या तोंडी आहे, शिव्यांसकट.

आणि डुईदादा, कापड तुम्ही उचललंत, मी नाही. पिल्लं झाकून ठेवा.