कोरडं लाळेरं

गोटी दूध पीत नव्हती. दीड वर्षाची पोर, डोकं गोल गरगरीत म्हणून गोटी. कप समोर आला की ती ओठ असे मिटून घ्यायची की मधून वाराही जाऊ नये, आणि वर डोळ्यांनी हसायची. लहान मुलं निरागस असतात असं म्हणणाऱ्यानं एकदा गोटीला दूध पाजून बघावं.

तिची आई औषधाच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. पट्ट्यावरून खोकल्याच्या औषधाच्या भरलेल्या बाटल्या सरकत येत, मागे पांढरा दिवा लावलेला. औषध जरा कमी भरलेली, बूच तिरकं बसलेली, आत कण तरंगत असलेली बाटली चालत्या पट्ट्यावरून उचलायची आणि बाजूच्या लाल खोक्यात टाकायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणून सोबतच्या बायकांनी तिचं नाव घार ठेवलं होतं. वरवर ती रागवायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

बाळंतपणाची रजा आणि मागून वाढवून घेतलेली बिनपगारी रजाही संपली, तेव्हा घार पुन्हा कामावर रुजू झाली आणि गोटीला सांभाळायला सासूबाई थोरल्या मुलाकडून इकडे राहायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी गोटीला काट्यावर बसवलं आणि कपाळाला आठी घातली. वजन कमी आहे, म्हणाल्या. दिवसातून तीनदा दूध द्या, लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी दाखवायला आणा. घरी येताना नवरा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सहा आठवडे बघू. नाहीच जमलं तर वर्षभर नोकरी सोड. पोरीपुढे काय मोठं आहे?" बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते घारीच्या जिव्हारी लागलं. ती जागा एकदा सुटली की पुन्हा मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

घारीनं घरी येऊन तक्ता केला. तीन रकाने. सकाळी ती सातलाच बाहेर पडायची, म्हणून सकाळ नवऱ्याची. तो मोटार चालवायला शिकवायचा, त्याला नऊला निघून चालायचं. दुपार सासूबाईंची. संध्याकाळ तिची स्वतःची. प्याली तर बरोबरची खूण, नाही प्याली तर फुली. तक्ता फ्रिजवर चिकटवून तिनं दोघांना कारखान्यातला नियमही ऐकवला. "शाईनंच लिहायचं. खाडाखोड चालायची नाही. खोडलेली नोंद खोटी धरतात."

नवऱ्यानं मान हलवली. सासूबाईंनी चष्मा लावून रकाने पाहिले आणि "बरं" म्हणाल्या.

पहिल्या चार दिवसांत तक्ता असा झाला: सकाळी बरोबर, दुपारी बरोबर, संध्याकाळी फुली. घार दमून घरी यायची, हातपाय धुऊन कप घ्यायची, काऊचिऊ करायची, नाच करायची, टाळ्या वाजवायची. गोटी नाच मन लावून बघायची आणि दूध आलं की तोंडाला कुलूप. एकदा घारीनं चमचा बळेच आत सारला, तेव्हा ते सगळं दूध गोटीनं फुर्रर करून आईच्याच अंगावर उडवलं. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "आमच्या हातून तर पिते. तू घाई करत असशील." सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि चिरत राहिल्या. घारीला वाटलं, गालात हसतायत.

पाचव्या दिवशी घारीनं गॅलरीत जाऊन कपभर दूध क्रोटनच्या कुंडीत ओतलं, घरात आली आणि आपल्या रकान्यात बरोबरची खूण केली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचून लाल खोक्यात टाकणारी बाई, आणि घरी हे. पण एकदा केल्यावर दुसऱ्या दिवशी तितकं जड गेलं नाही, आणि आठवड्याभरात तर ती तेवढ्याचसाठी गॅलरीत जाऊ लागली. नवरा म्हणाला, "बघ, जमलं की नाही?" तिनं उसनं हसू आणलं.

आणि मग तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी हे करू शकते, तर दुसरं कोणी का नाही करणार?

दुधासाठी तिनं तीन पांढरी लाळेरी शिवली होती, एकेका वेळेचं एकेक. जेवताना सासूबाई गोटीच्या गळ्यात आपला जुना पंचा बांधायच्या, तो वेगळा. धुणं संध्याकाळी घारच करायची. एका संध्याकाळी बादलीत हात घालताना तिच्या लक्षात आलं की तिचं लाळेरं कुंडीत ओतण्याआधीच्या झटापटीत दुधानं चिकट झालंय आणि बाकी दोन्ही कोरडी ठणठणीत आहेत, इस्त्रीच्या घड्या तशाच. दीड वर्षाची पोर कपभर दूध पिते आणि एक थेंब सांडत नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

सकाळच्या लाळेऱ्याचं उत्तर तिनं स्वतःच देऊन टाकलं: नवऱ्याचा हात मुळात निगुतीचा, शिकाऊ माणसाला घाटातून गाडी काढायला लावतो, त्याला कप काय अवघड. दुपारच्या लाळेऱ्याला मात्र तिनं असं काही सुचू दिलं नाही. संशय बहुधा ठरलेल्या घरीच उतरतो आणि तिचा सासूबाईंकडे मुक्कामालाच आला.

तिनं डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. सकाळी निघताना पातेल्यातल्या दुधाची पातळी डोळ्यात साठवायची, संध्याकाळी पुन्हा बघायची. दूध बरोबर दोन कप कमी झालेलं असायचं. मोरीत वास नाही, भांडी घासायच्या जागी पांढरा ओघळ नाही. मग जातं कुठे? सासूबाई जन्मात दुधाला शिवल्या नव्हत्या, चहासुद्धा कोरा घ्यायच्या, दुधाचा वास आला की नाकाला पदर लावायच्या. म्हणून पिण्याची शंका घेणंही हास्यास्पद होतं. पण एका संध्याकाळी त्या बोलता बोलता जवळ आल्या तेव्हा घारीला त्यांच्या वरच्या ओठावर बारीक पांढरी रेघ दिसली. सासूबाईंनी ती पदरानं पुसली, जरा जास्तच घाईनं.

"आज प्यायली का?" घारीनं विचारलं. आल्या आल्या ती रोज हेच विचारायची.

"प्यायली. तक्त्यात लिहिलंय."

"सगळं?"

"सगळं."

इकडे नवऱ्याचं पोट बिघडलं होतं. सकाळी दहाला गुडगुड सुरू व्हायची, शिकायला आलेल्या माणसाला गाडी बाजूला घ्यायला सांगावं लागायचं. त्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असायचं. घारीनं त्याला बाहेरचं खाऊ नको म्हणून चांगलं झापलं आणि पुन्हा सासूबाईंच्या मागे लागली.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली. घरी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या दारानं न जाता ती मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आली आणि चपला हातात घेऊन उभी राहिली. स्वतःच्याच घराच्या खिडकीतून चोरून बघताना तिला लाज वाटली, पण बघायचं काही तिनं थांबवलं नाही.

गोटी उंच खुर्चीत बसली होती. सासूबाई कप पुढे करत होत्या, हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. गोटी मान फिरवत होती, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "नको?" सासूबाई म्हणाल्या. "नक्को," गोटी म्हणाली. सासूबाईंनी कप खाली ठेवला, जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तो उचलला, नाक चिमटीत धरलं आणि घटाघट पिऊन टाकला. नंतर ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि दोन घोट पाणी प्यायल्या. मग फ्रिजजवळ जाऊन पेननं बरोबरची खूण केली.

घार मागच्या दारानं आत शिरली. सासूबाईंच्या हातून पेन पडलं.

"लेकराच्या तोंडचं दूध पिता तुम्ही?" घार म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच झोंबला. "सहा आठवडे मी मरमर मरतेय की ती माझ्याच हातून का पीत नाही. आणि तुम्ही रोज इथे खुणा करत बसलात."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "ओतून टाकवेना मला," त्या म्हणाल्या. "म्हणून प्यायले. उलटी येते गं, पण ओतवत नाही."

"पण खोटं कशाला लिहायचं?"

"पहिल्या दिवशी दुपारी मी पेन घेतलं तर सकाळची खूण होती. बापाच्या हातून प्यायली आणि माझ्या हातून नाही, असं कसं लिहू? ज्या कामाला आणलं तेच येत नाही म्हणाला असतात. पाळणाघर बघितलं असतंत. मग मला परत थोरल्याकडे." त्या थांबल्या. "तिथे मी जिन्याखाली झोपते. कोणी वाईट वागत नाही. जागाच नाही."

घारीनं तक्त्याकडे पाहिलं. "मला निदान सांगायचं तरी."

"तू कुठे मला सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कुंडीखालची ताटली मी रोज सकाळी धुते. नासक्या दुधाचा वास सुटला होता. दोनदा माती बदलली. त्यानं विचारलं असतं, तर तुझी नोकरी गेली असती."

घारीचा चेहरा कानापर्यंत तापला. जिच्यावर ती महिनाभर चोर म्हणून पाळत ठेवून होती, ती तिची चोरी रोज सकाळी धुऊन काढत होती, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. ती सासूबाईंच्या पायाशी फरशीवर बसली. गोटीनं दोघींकडे पाहिलं आणि खुर्चीतून उतरायला हात पुढे केले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोघीही तक्त्यासमोर बसल्या होत्या. सकाळचं कोरडं लाळेरं पुढे टाकून घारीनं नुसतं त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि खिशातलं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"पहिल्या दिवशी उशीर होत होता," तो म्हणाला. "आधी खूण केली, मग पाजायला बसलो. नाही प्यायली. खोडायचं नाही म्हणाली होतीस. मग ती खूण खरी करायला मीच प्यायलो." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं म्हणे, आणि दुपारची खूण बघून त्याला वाटलं, आजीकडून पिते, मग मी कशाला फुली मारू? दूध त्याला कधीच मानवलं नव्हतं. सासूबाईंना तेवढ्यातही हसू फुटलं. घारीला फुटलं नाही. एका पोरीनं तिघांनाही सारखंच नाकारलं होतं आणि तिघंही मनात एकच समजत बसले होते, की नको आहे ती मीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गोटीला काट्यावर बसवलं. काट्याचा आकडा स्थिर व्हायची घार वाट बघत होती.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सातशे ग्रॅम वाढलंय." त्यांनी तक्ता उलगडला, तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. "बघा, दूध नेमानं दिलं की कसा फरक पडतो. असंच चालू ठेवा."

गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. वजन वाढलं होतं, नोकरी टिकली होती. नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर हातात घट्ट धरला.

"तक्ता खोटा आहे," घार म्हणाली. "तिनं सहा आठवड्यांत एक घोटही घेतलेला नाही. सकाळचं यांनी प्यायलं, दुपारचं आईंनी, आणि संध्याकाळचं मी कुंडीत ओतलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. तिघांना एकेक करून न्याहाळलं. हसावं की रागवावं हे त्यांचं ठरत नसावं. "मग वजन कशानं वाढलं? खाते काय ही दिवसभर?"

घारीनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की तिला हे माहीत नाही. ती सासूबाईंकडे वळली.

सासूबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, बोलू का असं विचारल्यासारखं. मग हळूहळू सांगू लागल्या. सकाळी अर्धं केळं, पण ते मीच कुस्करून द्यायचं, बापानं कापून दिलं तर फेकते. दहाला उकडलेल्या अंड्याचं पिवळं, पांढरं मला परत देते. जेवायला मऊ भात आणि डाळ, त्यात बटाटा बोटानं चिरडून. चमचा चालत नाही, हातानंच भरवावं लागतं. मग वाटीभर दही, ते मात्र स्वतः खाते, पंचा सगळा माखतो. चारला भोपळ्याची फोड. खिडकीत बसूनच. खिडकीत नसेल तर नाही.

"दही वाटीभर? रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अहो बाई, मग दूधच की ते. कपाचा नाद सोडा आता." आणि घारीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घरी आल्यावर विचारत नाही का, काय खाल्लं म्हणून?"

"मी फक्त दुधाचं विचारायचे," घार म्हणाली.

बाहेर पडल्यावर नवरा पुढे जाऊन गाडी काढू लागला. गोटी आजीच्या खांद्यावर पेंगत होती. घारीनं तिला घेतलं नाही, नुसती बरोबरीनं चालत राहिली. गाडीपाशी पोचायच्या आधी तिनं सासूबाईंचा दंड धरून त्यांना थांबवलं.

"भोपळ्याची फोड चारला," ती म्हणाली. "मग मी येईपर्यंत काय?"

"मग काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग ती दाराशी जाऊन बसते. तू यायची वाट बघते."