कातरमामाचा कार्डिओग्राम

मेंढी कातरायला माणसं लागतात दोन आणि नाव होतं एकाचं. आमच्या कातरमामाचं तसंच होतं. अंगावर ओरखडा न उठवता मेंढीची सगळी लोकर सलग उतरवावी ती मामानेच, असं दहा गावांत बोललं जायचं. पण तेवढा वेळ ती मेंढी मुकाट बसवून कोण ठेवतं, हे कुणी विचारत नसे. ती मामी. मेंढी ढुंगणावर बसवायची, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, एक तळवा हनुवटीखाली धरायचा, की लाथा झाडणारी मेंढीसुद्धा अंग सैल सोडून देते. तीस वर्षं दोघं असं काम करत होती आणि तीस वर्षं भांडत होती.

त्या दिवशी भांडण पेटलं ते मेंढीच्या रक्तावरून. मेंढवाड्याचा पत्रा उन्हाने तापला होता, लेंड्या सुकून त्यांची धूळ नाकातोंडात जात होती, आणि मामाच्या हातून मेंढीला कातर लागली. मामा म्हणाला, मेंढी हलली. मामी म्हणाली, मेंढी माझ्या हातात आहे, ती हलली तर आधी मला कळेल. नाचता येईना अंगण वाकडं. यावर मामाने तोंड उघडलं, ते वेगळ्याच कारणाने. छातीवर हात ठेवून तो लोकरीच्या ढिगावर बसला आणि आतून कुणीतरी धडका देतंय असं पुटपुटला. मामीच्या हातून मेंढी सुटली, ती मात्र खरंच पहिल्यांदा.

गावातल्या डॉक्टरने नाडी धरून बराच वेळ छताकडे बघितलं. ठोका मधेच चुकल्यासारखा वाटतोय, शहरात जाऊन कार्डिओग्राम काढा आणि तो तिथल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कातर हातात धरू नका, असं त्याने बजावलं. हंगाम संपायला पंधरा दिवस उरले होते आणि मामाने अजून चारशे मेंढ्यांचा शब्द दिला होता. कातर सुटली की आपल्याला कुणी विचारणार नाही, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. कागदावर वाईट निघालं तर कातर कायमची खुंटीला लागणार. म्हणून कागद काढायचाच नाही, असं त्याने आपल्या डोक्याने ठरवलं. त्याचं डोकं हाताइतकं चालत नाही, हे मी त्याचा शेजारी म्हणून सांगू शकतो.

मामीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर पाय पसरून बसली आणि एवढंच म्हणाली, "कागद आणा. मग मेंढी धरीन."

मामाने दुसरा माणूस शोधला. तो म्हणजे मी. माझा टेम्पो आहे, लोकरीची पोती मी एका हाताने फेकतो, तेव्हा मेंढीचं काय, असं मलाही वाटलं. पहिल्या मेंढीने मला पाण्याच्या हौदात बसवलं. दुसरी अर्धी कातरून झाली आणि तशीच निसटली. एका बाजूने लोकर, एका बाजूने नागडी, अशी ती गावभर हिंडली आणि मास्तरांना शाळा सोडून द्यावी लागली. मामी ओट्यावरून सगळं बघत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मामा ओट्याशी गेला आणि उद्या जाऊ म्हणाला. अडला हरी म्हणतात तशी गत. त्या म्हणीचा पुढचा भाग मी मामीसमोर बोलणार नाही.

टेम्पोत मामा मधे, मामी खिडकीशी. गिरणीवाल्याने मामाला सांगून ठेवलं होतं की तिथे अंगाला दहा वायरी लावतात आणि बटण दाबतात. बटण दाबल्यावर काय होतं, ते गिरणीवाल्याला माहीत नव्हतं, आणि मामाला घाम फुटला होता तो त्याच न सांगितलेल्या गोष्टीने. सरकारी दवाखान्यात कार्डिओग्राम जवळजवळ फुकट होता, पण रांग जिन्यापर्यंत आणि तारीख अकरा दिवसांनंतरची. मामी म्हणाली, अकरा दिवस मी श्वास धरून बसणार नाही. मग आम्ही टायरच्या दुकानावरचं खाजगी तपासणी केंद्र गाठलं.

तिथे भिंतीवरच दर लिहिला होता. कार्डिओग्राम तीनशे, डॉक्टरने वाचून सांगायचे वर दोनशे. पांढऱ्या कोटातल्या पोरीला मामाने विचारलं, वेळ किती लागतो. ती म्हणाली, वायरी लावण्यापासून अंग पुसण्यापर्यंत पाच-सात मिनिटं, त्यात खरी नोंद दहा सेकंदांची.

"दहा सेकंदांचे तीनशे?" मामा म्हणाला. "मी अख्खी मेंढी उघडी करतो तेव्हा मला तीस मिळतात."

"मेंढी तुम्हाला तिचं काळीज दाखवते का, काका?" पोरगी म्हणाली आणि पावती फाडली.

आत एक अरुंद खाट, शेजारी लहानशा पेटीएवढं यंत्र. मामाने माझी बाही धरून ठेवली होती, म्हणून मीही आत. सदरा काढला तसा पोरीने सुस्कारा सोडला, कारण मामाच्या छातीवर एका कोकराइतकी लोकर आहे आणि केसांवर वायरींच्या रबरी वाट्या चिकटत नाहीत. ती वस्तरा घेऊन पुढे झाली. दोन हात मारले न मारले तोच मामाने तिचं मनगट धरलं. पोरी, उलटा चालवतेस, म्हणत त्याने वस्तरा घेतला आणि तिने दाखवलेल्या सहा वाट्यांच्या सहा जागा खाली न बघता साफ केल्या. मग याचे किती वजा होतील, असं विचारलं. काहीच नाही, असं उत्तर आलं.

मनगटांना आणि घोट्यांना चिमटे, छातीवर थंडगार मलम आणि त्यावर वाट्या. पोरीने समजावलं की यातून वीज अंगात जात नाही. काळीज प्रत्येक ठोक्याला स्वतःच बारीकशी वीज सोडतं, तेवढी यंत्र टिपून घेतं. बोलायचं नाही, हलायचं नाही, अंग सैल सोडायचं. मामा बोलला नाही. पण अंग सैल सोडणं त्याला जमेना. मुठी आवळलेल्या, दात दाताला लागलेले, खाटसुद्धा थरथरत होती. चौकटींच्या कागदावर नुसतं कुसळांचं रान उमटलं. पोरीने दुसऱ्यांदा काढला, तिसऱ्यांदा काढला. ती म्हणाली, ही काळजाची नोंद नाही, भीतीची आहे, अशी डॉक्टर वाचणार नाहीत.

"तिन्हींचे पैसे लागणार?" मामाने दातांतून विचारलं.

तेवढ्यात पडदा सारून मामी आत आली. पाठ थोडी उचलली तर चालेल का, एवढंच तिने विचारलं. दम लागणाऱ्या माणसांचा तसाच काढते, पोरगी म्हणाली. मामी खाटेच्या उशाला चढून बसली, मामाची पाठ गुडघ्यांना टेकवली आणि तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला हसूही येत होतं आणि आणखीही काही होत होतं. मामाच्या मुठी उघडल्या. मान कलली. पायाचे अंगठे बाहेरच्या बाजूला पडले. पोरीने बटण दाबलं आणि कागदावर एकेक ठोका ओळीने उमटत गेला.

तिथल्या डॉक्टरने कागद बोटांत धरून शेवटपर्यंत पाहिला. मामी तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डॉक्टर म्हणाला, एक ठोका घाईने पडलाय, असा पुष्कळांचा पडतो, बाकी काळीज व्यवस्थित आहे. पण हा कागद आजच्या दहा सेकंदांचा आहे. पुन्हा धडधडलं तर त्याच वेळी या, उन्हात काम नको आणि दिवसाचे बारा चहा दोनावर आणा. कातरीचं काय, मामाने विचारलं. सकाळच्या गारव्यात चालवा, डॉक्टर म्हणाला. मामीने तेव्हा कुठे चौकट सोडली. पाचशे तिनेच मोजले, आणि मामाने भाव केला नाही.

परतीला मामाने कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली. गाव दिसायला लागल्यावर म्हणाला, "मेंढ्या तुझ्या हातात गप्प बसतात ना. मला वाटायचं, भिऊन बसतात."

"मग?"

"भीती जाते, म्हणून बसतात."

मामी खिडकीबाहेर बघत राहिली. तीस वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. पदराने तिने डोळे पुसले आणि धुळीच्या नावाने मला काच वर करायला सांगितली. काच वरच होती. मग तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, सकाळी किती मेंढ्या घ्यायच्या.

"तू सांग," मामा म्हणाला. "धरणार तू आहेस."